दोन बोटांत न मावणारी अक्षरं

"अगं, बोटं फाकवून फाकवून थकलो. अक्षर काही मोठं होत नाही!"

दुकानाच्या भिंतीवरल्या फोनचा रिसीव्हर मानेत दाबून घड्याळजी पुतणीशी बोलत होते. हातात बायकोचा मोबाइल. आता हे तेच घड्याळजी, ज्यांना कुणी मुंगीच्या मनगटावर घड्याळ बांधायला सांगितलं असतं, तर त्यांनी पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडून दिली असती. पुढंमागं मुंगी जाड झाली तर असावीत म्हणून. पण डोळे मंदावले, आणि गेल्या हिवाळ्यात बायको गेली.

मागं राहिली ती विणकाम करणाऱ्या बायकांची एक वेबसाइट. तिथं 'लोकरवाली' या नावानं ती कुणाची बाही सोडवून द्यायची, कुणाचं भांडण, आणि अधूनमधून नवऱ्याची यथेच्छ टिंगल करायची. हे घड्याळजींना कळलं ते ती गेल्यावर. अजून निम्मंही वाचून झालं नव्हतं, आणि आज संध्याकाळी ती वेबसाइट कायमची बंद होणार होती.

"काका, ब्राउझरला मोठं करता येतं हो. साइटवाल्यांनीच ते अडवलंय. कॉपीही अडवली असेल."

"अडवलीय. स्क्रीनचा फोटो काढला, तर काळाकुट्ट!"

"चोरी होऊ नये म्हणून करतात. आमच्या ऑफिसात मीपण करते, साहेब सांगतात तसं."

"म्हणजे घर माझं, आणि पाहुण्यानं येऊन माझ्याच खिडक्यांना खिळे ठोकायचे? बायकोनं मला घातलेल्या शिव्या मी चोरणार होय गं?"

पुतणी म्हणाली, "मी निघते. माझ्या फोननं समोरून फोटो काढू. काकूचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही, तेव्हा तोवर कश्शाला हात लावू नका."

घड्याळजींनी हात लावला नाही. डोळ्याला भिंग लावलं आणि काचेवर वाकले. भिंगातून बायकोच्या शब्दांच्या जागी दिसले ते नुसते पडद्याचे लाल, हिरवे, निळे ठिपके. जरा मागं सरकले, तेव्हा कशीबशी एक ओळ लागली: 'आमचे हे सगळ्या गावाची घड्याळं लावतात, जेवायला मात्र...'

"मात्र काय?" ते मोठ्यानं म्हणाले.

तेवढ्यात ओळीवर जाहिरात येऊन बसली. ती घालवायची फुली कुठं दिसेना. घड्याळजींची जन्माची सवय अशी, की काटा अडला तर जोर लावायचा नाही, हलकेच जरासा मागं फिरवायचा. त्यांनी मागं जायचं बटण दाबलं. हलकेच.

ते बटणही साइटवाल्यांनी आपल्या दावणीला बांधलेलं होतं. 'आपण बाहेर पडला आहात. पासवर्ड टाका.'

पुतणी धापा टाकत आली. "कुठाय काकू?"

घड्याळजींनी मोबाइल पुढं केला. वरच्या चौकटीत नाव तेवढं राहिलं होतं, लोकरवाली. खालची चौकट रिकामी.

तिनं काही अंदाज टाकून पाहिले. मग साइटनं तेही बंद केलं. शेवटी काय मनात आलं कुणास ठाऊक, तिनं आपल्या फोननं त्या नावाचाच फोटो काढून काकांच्या हातात दिला.

घड्याळजींनी सवयीनं दोन बोटं फाकवली. नाव मोठं झालं. भिंगाशिवाय वाचता येईल एवढं झालं. त्यांनी आणखी फाकवली. मग एकच अक्षर उरलं, मग नुसता काळा रंग. तरी ते फाकवतच राहिले.