नेम माझा सरळच होता

घाबरू नका, हात खाली घ्या. पिस्तूल आहे खरा, पण हवेवर चालणारा. माझ्या तोंडातून निघतो तो अख्ख्या मसुराएवढा शिशाचा छर्रा, आणि तोसुद्धा दहा मीटरवरच्या कागदासाठी. आजवर मी कोणाचा जीव घेतलेला नाही. एकदा एक बॅनर पाडला होता, तेवढाच काय तो गुन्हा. त्याबद्दल पुढे सांगेनच.

व्याकरणात मी 'ते पिस्तूल' आहे. पण माझ्या मालकाने, जेराल्डने, पहिल्याच दिवशी माझं नाव पावलू ठेवलं आणि मी 'तो' झालो. मला काही विचारलं नाही. आम्हाला कोण विचारतं?

जुन्या लढाईतल्या कुठल्याशा अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची मी हुबेहूब नक्कल. काळाकुट्ट रंग, रुबाबदार मूठ, जाडजूड नळी. चेहरा सेनापतीचा, पोट मात्र सायकलच्या पंपाचं. नळी खाली वाकवली की पोटातली स्प्रिंग दबते, घोडा ओढला की ती सुटते आणि हवेचा एक फुसकारा छर्ऱ्याला ढकलतो. आवाज येतो, 'टप्प'. शेजारच्या मांजरीने आजवर एकदाही त्या आवाजाला मान वळवलेली नाही.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये जेराल्ड आणि संदेश एकतीस वर्षं शेजारी शेजारी उभे राहिले. दोघेही साचे बनवणारे फिटर. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढी चूक झाली तरी दोघांना जेवण जात नसे. जेराल्ड निवृत्त झाला तेव्हा संदेशने त्याला मला भेट दिलं. त्याआधी आठ दिवस स्वतःच्या घरी ठेवून त्याने माझा वायसर बदलला, नळी साफ केली, आणि नेम धरायची पुढची खूण, जिला माशी म्हणतात, ती अशी बसवली की मला स्वतःला आरशात बघावंसं वाटलं.

"जेरी," तो देताना म्हणाला, "याची माशी मी बसवलीय. देवळाचा कळस वाकडा असेल, ही नाही."

हे वाक्य पुढे फार महाग पडलं.

पहिली दोन वर्षं मजेत गेली. रविवारी चर्चमधली मिसा आटपून जेराल्ड कोलशेतच्या घरामागच्या अंगणात यायचा. भिंतीला वाळूचं पोतं, पोत्यावर गोल गोल वर्तुळांचा कागद. त्याची बायको थेल्मा स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, "जेराल्ड, त्या पावलूला ठेव खाली, नारळ खवून दे!" महिन्यातून एकदा तो माझ्या नळीतून कापडाची पट्टी ओढायचा, वायसरला तेलाचा एकच थेंब द्यायचा आणि मऊ फडक्याने पुसून ठेवायचा. पिस्तुलाला आणखी काय हवं असतं?

मग छर्रे डावीकडे जायला लागले.

आधी बोटभर, मग दोन बोटं. कागदाचा मधला काळा गोल कोरा, आणि डावी कड उंदराने कुरतडल्यासारखी. जेराल्ड माझ्याकडे बघायचा, कागदाकडे बघायचा, आणि म्हणायचा, "पावलूमध्ये फॉल्ट आहे."

माझ्यात काही फॉल्ट नव्हता. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण नेम धरताना त्याचा उजवा डोळा आणि मी समोरासमोर असायचो. त्या डोळ्यावर दुधाची साय धरल्यासारखं काहीतरी आलं होतं. त्याला माझ्या एकाऐवजी दोन माश्या दिसत होत्या, एक खरी आणि तिच्या उजवीकडे एक भुताची, आणि तो नेमका भुताच्या माशीने नेम धरत होता. मी जीव तोडून सांगत होतो. पण माझी भाषा म्हणजे 'टप्प'.

त्याने मला उघडलं. घोड्याचा दाता पॉलिश पेपरने घासला. मला जोडलं. छर्रा डावीकडे. पुन्हा उघडलं. स्प्रिंग ताणून बघितली, मुठीचे पेच बदलले, मला जोडलं. छर्रा डावीकडे. माणसांची गंमत वाटते मला. स्वतःच्या आत काही बिघडलं की ती हातात सापडेल ती वस्तू खोलतात. शेवटी त्याने नेम धरायची माझी मागची खाच ढकलत ढकलत पार उजव्या टोकाला नेली. आता मी उजवीकडे मारायचो, तो डावीकडे बघायचा, आणि दोघांचं मिळून कधीकधी मधोमध लागायचं. यालाच तो 'ट्यूनिंग' म्हणत होता.

अशा अवस्थेत आम्ही फेब्रुवारीत डोंबिवलीला क्लबच्या वार्षिक स्पर्धेला गेलो.

आमचा नेमबाजी क्लब एका जुन्या व्यायामशाळेत भरतो. शिकवायला सुमेधा मॅडम. वय चौतीस, आवाज हेडमास्तरांचा. साठीच्या पुढच्या गटात जेराल्ड उजवीकडच्या शेवटच्या जागेवर उभा राहिला. दहा छर्ऱ्यांपैकी चार कागदावर लागले.

"पिस्तूलच वाकडं आहे," जेराल्ड सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

संदेश शेजारीच होता. त्याचे कान लाल झाले. "वाकडं? माशी कोणी बसवलीय?"

"म्हणूनच सांगतोय."

"दे इकडे." संदेशने मला हातात घेतलं. त्याचा उजवा डोळा स्वच्छ होता, हात दगडासारखा स्थिर. अगदी मधोमध नेम धरून त्याने घोडा ओढला. बिचाऱ्याला काय माहीत, माझी खाच उजव्या टोकाला नेलेली आहे! छर्रा कागद सोडून हातभर उजवीकडे गेला आणि स्पर्धेच्या बॅनरची सुतळी तोडून भिंतीत शिरला. बॅनर एका बाजूने सुटला, झोक्यासारखा खाली आला आणि सगळ्या निशाण्यांवर अंथरुणासारखा पसरला. त्यावर 'अचूकता हेच आमचे ध्येय' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

व्यायामशाळा हसून हसून लोळली. सुमेधा मॅडमसुद्धा तोंडाला रजिस्टर लावून खांदे हलवत होत्या.

"बघितलंस?" जेराल्ड विजयी आवाजात म्हणाला. "वाकडंच आहे!"

"माझ्या कामात हात घातलास तू," संदेश हळू आवाजात म्हणाला. "आणि वर चार लोकांत माझी अब्रू काढलीस." मला टेबलावर ठेवून तो निघून गेला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एकतीस वर्षं एका डब्यातून जेवलेली माणसं, आणि भांडणाचं कारण मी. आणि त्यात मी बोललो होतो तो फक्त एक 'टप्प'.

त्यानंतर जेराल्डने मला पूर्ण खोललं, तेही स्वयंपाकघरात. माझी मोठी स्प्रिंग सुटली, छताला लागली आणि थेट कोळंबीच्या कालवणात पडली. थेल्माने डावाने ती शोधून काढली, नळाखाली धुतली आणि नवऱ्याच्या ताटात वाढली. "घे, तुझ्या पावलूची कोळंबी." त्या दिवशी माझे सगळे अवयव चकलीच्या रिकाम्या डब्यात गेले आणि झाकण लागलं. स्प्रिंगला अजूनही चिंचेचा वास येतो.

डबा खिडकीत होता आणि झाकणाला फट होती, त्यामुळे बाहेरचं ऐकू यायचं, थोडंफार दिसायचंही. एका सकाळी जेराल्ड अंगणात शेजारच्या स्वीडलशी बोलत होता. "काय गं स्वीडल, पाणी आलं का तुमच्याकडे? आमच्याकडे थेंब नाय. तू बिल्डिंगवाल्यांना सांग ना जरा." बराच वेळ बोलला. उत्तर आलं नाही तसा घरात येऊन थेल्माला म्हणाला, "स्वीडलला राग आलाय वाटतं कसला तरी."

थेल्माने खिडकीतून बघितलं. दोरीवर स्वीडलचा रेनकोट वाळत होता.

ती हसली नाही.  तिने सरळ चकलीचा डबा उचलून पिशवीत घातला आणि जेराल्डला म्हणाली, "मी बहिणीकडे जाऊन येते." आणि रिक्षाने थेट डोंबिवलीला संदेशच्या सोसायटीत.

गेटवर वॉचमनने अडवलं. "मावशी, डब्यात काय?"

"चकल्या."

"दाखवा जरा. नवीन नियम हाय."

थेल्माने झाकण उघडलं. वरच माझी नळी आणि मूठ. वॉचमनने दोन्ही हात वर केले, त्याचं रजिस्टर खाली पडलं. "जावा मावशी, जावा. सही-बिही काय नको."

संदेशने दार उघडलं आणि तिला बघून गडबडला. "वहिनी? जेरी बरा आहे ना?"

"बरा नाय, म्हणून आले." तिने डबा पुढे केला. "हा पावलू जोडून दे, भाऊ. आणि रविवारी घरी येऊन त्याच्यासमोर मारून दाखव. त्याला दिसत नाय रे. मी बोलले तर म्हणेल, थेल्माला काय कळतं. माणसाचं तो ऐकत नाय. मशीनने सांगितलं तर ऐकेल."

संदेशने माझे तुकडे वर्तमानपत्रावर मांडले. घोड्याचा दाता उजेडात धरला आणि बघतच राहिला. जेराल्डने तो काचेसारखा गुळगुळीत घासला होता. "साला," संदेश स्वतःशीच पुटपुटला, "न दिसता हे असं काम करतो." मग त्याने नवा वायसर घातला, तेलाचा एक थेंब दिला, खाच पुन्हा मधोमध आणली. मी कितीतरी महिन्यांनी अख्खा झालो.

रविवारी आम्ही कोलशेतला पोचलो तेव्हा जेराल्ड अंगणात खुर्ची टाकून बसला होता. फाटक वाजलं तसं त्याने मान वर केली. "कोण, स्वीडल? ये गं, ये. राग गेला वाटतं?"

संदेश सहा फूट उंच आहे. त्याला मिशा आहेत.

तो जागच्या जागी थांबला. आठ महिने मनात घोळवलेलं भांडण त्याच्या तोंडाशी आलं असेल, ते तिथेच विरघळताना मी त्याच्या तळहातातून अनुभवलं. "मी आहे, जेरी," तो म्हणाला. "संदेश."

जेराल्ड उठला, पुन्हा बसला. "माहितीय मला. मस्करी केली."

अंगणाच्या कोपऱ्यात जेराल्डच्या कामाच्या टेबलाला एक व्हाइस बसवलेला आहे. वस्तू पकडून ठेवायचा लोखंडी जबडा, फिटरचा तिसरा हात. संदेशने दोन्ही बाजूंनी चामड्याचे तुकडे लावून मला त्यात घट्ट आवळलं, पोत्यावर कागद लावला आणि एकामागून एक पाच छर्रे मारले. मला धरायला माणसाचा हात नव्हता, बघायला माणसाचा डोळा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी एकटा बोलत होतो. टप्प, टप्प, टप्प, टप्प, टप्प.

संदेशने कागद आणून जेराल्डच्या हातात दिला. जेराल्डने तो नाकापर्यंत नेला, मग बोटाने चाचपला. "एकच भोक?"

"एकच. पाच छर्ऱ्यांचं. मधोमध."

 मग संदेशने विचारलं, "जेरी, एक सांग. टूलरूममध्ये काही वाकडं आलं की तू पहिलं व्हाइसमध्ये धरायचास. याला एवढ्या वेळा खोललंस, व्हाइस इथेच. एकदाही का नाही धरलंस?"

जेराल्ड कागदावरच्या त्या भोकावर बोट फिरवत राहिला.

"धरला असता तर कळलं असतं ना."

"काय?"

"की तो बरोबर आहे."

थेल्मा दारात उभी होती. 

"डॉक्टरने डिसेंबरातच सांगितलेलं," जेराल्ड म्हणाला. "मोतीबिंदू. दोन्हीकडे. संदेश, मी अख्खं आयुष्य डोळ्यांच्या जिवावर खाल्लं. त्या डोळ्यात कोणी सुरी घालणार म्हटल्यावर मी परत गेलोच नाही. म्हटलं, पावलूचा फॉल्ट निघाला तर बरं."

"माझ्या डाव्याचं ऑपरेशन झालं मे महिन्यात," संदेश म्हणाला. "एकटाच गेलेलो, रिक्षाने. वाटलं तुला फोन करावा. मग बॅनर आठवला."

"एकटा गेलेलास? गाढवा, सांगायचं तरी!"

"बोलणं बंद होतं ना आपलं."

"मग? बोलणं बंद होतं, मी काय मेलेलो?" जेराल्डचा आवाज चढला. थेल्मा म्हणाली, "झालं? आता आत या, कोळंबी निवतेय." मी व्हाइसमध्ये तसाच आवळलेला राहिलो. संध्याकाळपर्यंत मला सोडवायची कोणाला आठवण झाली नाही. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

जेराल्डचे दोन्ही डोळे महिन्याच्या अंतराने झाले. दोन्ही वेळा संदेश बाहेर बाकावर बसून होता. पट्टी सुटल्यावर जेराल्डने पहिल्यांदा थेल्माकडे बघितलं आणि म्हणाला, "तुझे केस कधी पांढरे झाले?" त्याबद्दल त्याला दोन दिवस चहा मिळाला नाही.

आणि मग परवाचा रविवार. डोळे स्वच्छ, पोतं नवं, कागद कोरा. जेराल्डने मला उचललं. आमची दोघांची नजर भिडली. साय गेली होती, आत तपकिरी रंग होता, तो मला कितीतरी दिवसांनी पुन्हा दिसला. त्याला माझी एकच माशी दिसत होती. त्याने श्वास धरला, घोडा ओढला. टप्प.

छर्रा काळ्या गोलाच्या चांगला बाहेर, खाली डावीकडे.

मी मनातल्या मनात डोळे मिटले. आता पेचकस येणार, आता स्प्रिंग छताला लागणार. संदेश खुर्चीत पुढे सरकला. थेल्मा खिडकीत थांबली. जेराल्डने त्या भोकाकडे बघितलं, आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "हात हलला माझा."

आणि त्याने दुसरा छर्रा भरला.

तर वाचकहो, माझा मालक नेमबाज म्हणून बेताचाच आहे. शंभरात साठ-पासष्ट, त्यापुढे नाही. येत्या स्पर्धेत आमचा नंबर शेवटून दुसरा येईल असा माझा अंदाज आहे. माझी कोणाकडे काही तक्रार नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला महिन्यातून एकदा पुसा, तेल एकच थेंब द्या. आता रजा घेतो. जेराल्डने नेम धरलाय, आणि या खेपेला श्वास बरोबर रोखलाय.