कावीळ नव्हती ती

कापूस पांढरा असते, हे आमच्या तलमडुगूकडच्या शेंबड्या पोरालेबी समजते. पण आमचे बुढे, आता नवऱ्याचं नाव घ्याच लागते, लक्ष्मणराव, ते वेचलेल्या ढिगाकडे पाहून मले म्हणे, "सोजर, औंदा कापसाले हळद कोणं लावली व?"

छातीची धडधड बसावी म्हणून डॉक्टरनं देलेली गोळी तीन महिन्यांपासून सुरू होती. पण गोळीकडं कोणाचं ध्यान जाते? कावीळ झालेल्याले सगळं पिवळं दिसते, म्हणच हाये आपल्यात. मग काय, झाडपाल्याचा रस, उसाचा रस, तेल बंद. गोळीबी सुरूच. डोळे पांढरेफट्ट होते त्याईचे, तरी मले समजलं नाही. अक्कल गेलती चरायले!

तो पंधरवडा सपनावाणी गेला. त्याईले दिव्याभोवती कडं दिसे, अंगणातली बकरी पिवळी दिसे. जेवण तर सुटलंच होतं. खाटेवर पडून मलेच पाहत राह्यत. चाळीस वर्षांत ह्या माणसानं भाजीत मीठ कमी हाये, एवढंच सांगतलं मले. आता म्हणे, "थांब ना जराशी दारात. काय सुंदर दिसून राह्यली!" मी थांबली. झाडू हातात तसाच, अन् उन्हात सगळं अंगण मलेबी पिवळं वाटाले लागलं. खरं सांगू? ही कावीळ बरीच होऊ नये, असं वाटे मले.

मग एका सकाळी उलट्यावर उलट्या झाल्या, नाडी हाती लागेना. ऑटोत घालून आदिलाबादले नेलं. डॉक्टर म्हणे, "पीलिया नहीं है, अम्मा. दिल की गोली बदन में जमा हो गई. पीला दिखना उसीका इशारा था." गोळी बंद केली. चार दिवस छातीले वायरा लावून ठेवलं. चार दिवस मी अन्नाचा घास गिळला नाही.

पाचव्या दिवशी बुढे उठून बसले. डॉक्टरनं मले इचारलं, "कबसे दिख रहा था पीला?"

"पंदरा दिन से."

"फिर लाए क्यों नहीं? जान जाती थी!"

गावात माझ्या तोंडाले कोणी लागत नाही. पण तिथं काय सांगू, मले गोड वाटत होतं म्हणून?

"उसको मत बोलो, साब," बुढे खाटेवरून म्हणाले. "मैंइच छुपाया. इसको मालूमच नहीं था."

इतक्या वर्षांत ह्या माणसाले खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. पदरात तोंड घालून रडली मी, डॉक्टरसमोरच.