त्याच पाण्यात

आमच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा, मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, एकमेकांचे पाय धुतात. प्रभूने शिष्यांचे धुतले, म्हणून. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. आणि त्या दिवशी जो तो घरूनच पाय घासून, नखं कापून येतो. धुतलेले पाय परत धुवायचे! यात काही खोट आहे असं मला तीस वर्षांत कधी वाटलं नाही. मीही टाचा दगडाने घासूनच यायचे.

मी आर्डिथ. डोंगरातल्या आमच्या या खोऱ्यात प्रार्थना म्हटली की माझंच नाव. माझा आवाज रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर जायचा. रडू तर हुकमी. माझा नवरा होबार्ट म्हणायचा, "अगं, देव बहिरा नाहीये." मी म्हणायचे, "तो नसेल, लोक आहेत ना!" थट्टेत म्हणायचे. पण थट्टा नव्हती ती.

होबार्ट मार्चमध्ये गेला. बटाटे लावले, आत आला, खुर्चीत बसला आणि संपला. त्यानंतर मला काही म्हणजे काही वाटेना. दफनाच्या वेळी रडले, पण ते सवयीने. घरी येऊन गुडघे टेकले तर शब्द फुटेना. घरात ऐकायला कुणी नव्हतं, मग बोलायचं कुणासाठी? तेव्हा कळलं, एकटीने प्रार्थना करायची मला सवयच नाही. याचं वाईटही वाटलं नाही. नुसतं कळलं.

अशात पाळकांची बायको नदीन हिचा फोन आला. "रविवारी पाय धुऊन झाले की साक्ष तूच द्यायची. प्रभूने कसं सांभाळलं ते सांग. तू बोललीस की लोकांना धीर येतो बाई." मी हो म्हणाले. जन्मभर कमावलेलं नाव, तेवढंच तर उरलं होतं. आतलं रिकामं कुणाला दिसू नये, एवढीच काय ती इच्छा.

त्या सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला अनवाणीच गेले. बटाट्याच्या वाफ्यात चिखल होता. तिथे किती वेळ उभी राहिले, देव जाणे. घरात आले, काळे मोजे चढवले, बूट घातले आणि निघाले. पायांना चिखल लागलाय हे समजलंच नाही.

दरवर्षी माझी जोडी नदीनशी. यंदा तिने मला झेल्माकडे ढकललं. "तिला कुणी नाहीये गं." झेल्मा शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासते. वीस वर्षांत तिच्या तोंडून मोठ्याने एक आमेन निघालेलं नाही. 'मुकी मेंढी' हे नाव मीच पाडलेलं. "पोटात देव असेल तर ओठांवर येईलच की," असं तिच्यादेखत म्हणालेही होते.

ती कमरेला टॉवेल बांधून, पाण्याचं पसरट तसराळं घेऊन माझ्यासमोर खाली बसली. मी मोजे काढले. घोट्यापर्यंत चिखल! बोटांच्या बेचक्यात बटाट्याचं पान. अगं बाई! मी पाय मागे ओढला. तिने तो हलकेच धरला.

"राहू दे," मी पुटपुटले.

"बटाटे उगवले वाटतं," ती म्हणाली. "होबार्टनं लावलेले ना?"

मी मान हलवली.

ती धूत राहिली. घाई नाही, नाक मुरडणं नाही. टाचेच्या भेगेतली माती अंगठ्याने काढली. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. होबार्टचं नाव मला ओठांवर दिसलं, मग माझं. रोज घेत असल्यासारखी ती नावं घेत होती. तसराळ्यातलं पाणी गटारासारखं काळं झालं.

दुसरीचे पाय धुवायच्या आधी पाणी बदलायचा रिवाज आहे. मी बदलायला उठणार, तोच नदीन बादली घेऊन आमच्याच बाकाकडे येताना दिसली. झेल्मानेही पाहिलं. पटकन बाकावर बसून तिने मोजे काढले. स्वच्छ पाय, साबणाचा वास. आणि दोन्ही पाय त्या काळ्या पाण्यात बुडवले.

"धू," ती हळूच म्हणाली. मी खाली बसून धुवायला लागले.

नदीनने वाकून पाहिलं. "काय गं हे, झेल्मा! आजच्या दिवशी तरी पाय धुऊन यायचंस. बिचारी आर्डिथ!"

"विसरले बघ," झेल्मा म्हणाली.

शेजारच्या बायका फिदीफिदी हसल्या. झेल्मा कानापर्यंत लाल झाली. आणि मी? मी गप्प बसले. सुटले बाई, हाच पहिला विचार आला. खोटं कशाला बोलू!

मग पाळकांनी पुकारलं, "आर्डिथबाई, साक्ष." मी तशीच अनवाणी उभी राहिले. शब्द तयार होते, तीस वर्षं घोटलेले. समोर झेल्मा पाय पुसत होती. तिच्या घोट्याला माझ्या चिखलाचा पट्टा राहिला होता.

"होबार्ट गेल्यापासून मला काही वाटत नाही," मी म्हणाले. "माझ्याच्याने प्रार्थना होत नाही. आणि ती घाण माझ्या पायांची आहे, झेल्माच्या नाही."

एवढंच बोलले. कुणी आमेन म्हणालं नाही. नदीन हातातल्या बादलीकडे बघत राहिली. झेल्माने सरकून जागा केली, तिथे मी बसले. रडू आलं नाही. फरशी मात्र थंडगार होती, आणि ती माझ्या पायांना लागत होती.