बाराव्या वर्षाचं पान

सकाळपासून मामांच्या पायाला भिंगरी लागली होती. धुरीच्या खोलीतून जिन्यापर्यंत जायचं, आणि पहिल्या पायरीवरून माघारी फिरायचं. मांसाच्या कारखान्याला पन्नास वर्षं होत होती. मालकीणताईंनी लिहिलेला इतिहास दुपारी छापखान्यात जायचा होता. सगळ्यात जुना माणूस म्हणून कच्ची प्रत वाचायला मामांकडे आलेली.

पहिली पानं त्यांनी मिटक्या मारत वाचली. एका खोलीतलं दुकान, मीठ चोळायला बसलेलं मालकांचं अख्खं घर. मामांचं कौतुक तर पानभर! मिठात मुरवलेल्या डुकराच्या मांडीत हाडाची लांब सुई खुपसायची, काढून नाकाशी धरायची आणि आत माल चांगला की नासका ते सांगायचं. 'कारखान्याचं नाक', असं ताईंनी लिहिलं होतं.

मग बारावं वर्ष आलं. 'बर्फवाल्याने बर्फाच्या खोलीचे दार उघडे टाकल्याने माल नासला, गावात लोक आजारी पडले. त्याला काढून टाकण्यात आले.'

दाराचा काही संबंध नव्हता. मीठ हाडापर्यंत पोचलंच नव्हतं, आणि ते सुईला कळायला हवं होतं. पण त्या आठवड्यात मामांना सर्दी होती. नाक पार बंद. सांगितलं असतं तर सुई दुसऱ्याच्या हाती गेली असती. मग ते नुसतीच सुई हुंगत राहिले आणि मान डोलवत राहिले. उरलेला माल नाक सुटल्यावर तपासला तेव्हा सगळं उमगलं, तोवर बर्फवाला फाटकाबाहेर गेला होता. देवापुढे हात जोडले की आजही तोच उभा राहायचा.

शेवटी मामा जिना चढून ताईंकडे गेले आणि उभ्याउभ्या सगळं ओकून मोकळे झाले.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मामा, अडतीस वर्षं झाली. ती ओळच काढून टाकते. कुणाचं नावही नको, गावही नको. झालं?"

झालं. किती सोपं! मामा हलके होऊन चार पायऱ्या उतरले आणि पाचवीवर थबकले. ओळ जाईल, पण बर्फवाल्याच्या कपाळावरचा डाग कुठं जाणार? त्याची लेक खाली पॅकिंगला होती.

"अगं बाई, नाक आज इकडे कसं वळलं?" पॅकिंगच्या बायका खिदळल्या. "आमच्या डब्यांना पण सुई टोचणार का मामा?"

मामांना हसू आलं नाही. ते बर्फवाल्याच्या लेकीसमोर उभे राहिले. "अक्का, तुझ्या वडिलांनी दार लावलं होतं. चूक माझी होती. मला वास येत नव्हता, आणि मी बोललो नाही."

अक्काच्या हातातलं लेबल तसंच राहिलं.

"शेवटपर्यंत तेच सांगायचे," ती म्हणाली. "दार लावलं होतं गं, दार लावलं होतं. आईसुद्धा म्हणायची, पुरे करा आता." तिने लेबल खाली ठेवलं. "मी पण म्हणायचे, मामा."

मामा पाया पडायला वाकले, तशी ती झटकन मागे सरली.

"ते नको. ताईंना सांगितलंत?"

"सांगितलं. त्या ओळ काढतायत."

"काढायची कशाला?" अक्काने एप्रन सोडला. "खरं लिहू देत की. चला वर. माझ्यासमोर सांगा."

ती पुढे निघालीसुद्धा. मामा कठड्याला धरून तिच्यामागून जिना चढू लागले.