तीन नंबरची सही

वसाहतीखालून बोगदा खणायला सुरुवात झाली आणि महिन्याभरात पाचही इमारतींना तडे गेले. मोजणीची माणसं आली आणि प्रत्येक तड्यावर काचेची पट्टी चिकटवून गेली. पट्टी फुटली तर तडा वाढतोय, एवढं सगळ्यांना कळत होतं. जाता-येता लोक जिन्यात थांबायचे, पट्टीकडे बघायचे आणि वर जायचे.

कोणती इमारत रिकामी करायची ते अहवालात येणार होतं. त्याला अजून आठ-दहा दिवस होते. वसाहतीच्या अध्यक्ष, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, यांनी सभा बोलावली.

"नियम आत्ताच ठरवू," त्या म्हणाल्या. "कोणाचं घर जाणार हे आज कोणालाच माहीत नाही. एकदा कळलं की जो तो आपली सोय बघेल आणि तिलाच न्याय म्हणेल."

तीन नंबरच्या इमारतीतल्या टेलरने सुचवलं, की घर जाईल त्या कुटुंबांसाठी उरलेल्या चार इमारतींत चिठ्ठ्या काढायच्या. चिठ्ठी निघेल त्याने एक खोली द्यायची, नाही म्हणायचं नाही. बाईंना ते आवडलं. त्यांनी एकच अट घातली. ज्याला विरोध करायचाय त्याने असं कारण द्यावं, जे बेघर होणाऱ्यालाही पटेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. सह्या पुढच्या रविवारी ठरल्या.

शुक्रवारी बाईंचे धाकटे दीर चहाला आले. ते मोजणीच्या कचेरीत होते. बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा. तीन नंबर आहे."

बाईंनी विचारलं नव्हतं. पण आता ऐकलं होतं, आणि ऐकलेलं परत करता येत नाही. आतल्या खोलीत यजमान खोकत होते. दम्यामुळे त्यांना घरात चार माणसंही सोसत नसत. टेलरच्या घरात सात जण होते, त्यात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई.

रविवारी अध्यक्षपद सोडावं, निदान गप्प बसावं, असं ठरवून बाई गेल्या. कागद समोर आला तेव्हा त्यांना आपलाच आवाज ऐकू आला. वर्गात असायचा तसा, शांत.

"एक शब्द बदलू या. सक्ती नको. 'ज्याला शक्य असेल त्याने' असं लिहू. कोणाच्याही घरात त्याच्या मनाविरुद्ध कोणी शिरू नये, हे तर सगळ्यांनाच पटेल."

टेलरने क्षणभर विचार केला. "बरोबर आहे बाईंचं," तो म्हणाला. "मन नसलेल्या घरात आईला घेऊन मीही राहणार नाही."

त्याने पहिली सही केली. बाकीचे हात सहीसाठी भराभर पुढे आले. बाईंना ते जरा चमत्कारिक वाटलं.

मंगळवारी अहवाल लागला. तीन नंबर, अठ्ठेचाळीस तासांत रिकामी. संध्याकाळपर्यंत टेलर चार जिने चढून उतरला. कोणाच्या मुलीची परीक्षा होती, कोणाकडे रंगकाम निघालं होतं. शेवटी तो बाईंच्या दारात उभा राहिला.

"तुम्हाला शक्य आहे का, बाई?"

"यांचा दमा..." बाई म्हणाल्या.

"हो, हो. ते बरोबर आहे," तो म्हणाला आणि परत फिरला.

त्याने वाद घातला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. बुधवारी सकाळी त्या वसाहतीच्या सेक्रेटरींकडे गेल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "तो ठराव रद्द करा. मला आधीपासून माहीत होतं."

सेक्रेटरी वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. "बाई, तुमच्या दिरांनी तुम्हाला एकट्यांनाच सांगितलं, असं वाटलं तुम्हाला? सगळ्यांना माहीत होतं. फक्त तीन नंबर सोडून. विरोधाचं कारण तेवढं सुचत नव्हतं कोणाला. ते तुम्ही दिलंत. छान बोललात."

बाई तिथून सरळ तीन नंबरच्या जिन्यावर गेल्या. तिथली बाकीची कुटुंबं रात्रीच नातेवाइकांकडे निघून गेली होती. दुसऱ्या मजल्यावरची पट्टी फुटून काचा पायरीवर पडल्या होत्या. टेलरचं दार चौकटीत अडकलं होतं. आतून त्याने आणि बाहेरून बाईंनी जोर लावला तेव्हा कुठे उघडलं.

त्यांनी सांगून टाकलं. तो शिलाई मशीन दोरीने बांधत होता. हात थांबले.

"कधी कळलं?"

"शुक्रवारी."

"म्हणजे रविवारी तुम्ही माझ्याकडे बघून बोललात ते..." त्याने वाक्य सोडून दिलं. दोरीची गाठ आवळत म्हणाला, "ते कारण मला पटलं होतं, बाई. अजूनही पटतं. त्याचाच राग येतोय."

"आमच्याकडे चला. सगळे."

"तुमच्यासाठी नाही येत," तो म्हणाला. "आईसाठी येतो."

म्हातारीला खुर्चीत बसवून त्यांनी खाली उतरवलं. भिंतीतून बारीक चरचर ऐकू येत होती. चारही इमारतींच्या खिडक्यांत माणसं होती. मदतीला कोणी उतरलं नाही. दुपारी जिना कोसळला तेव्हा तीन नंबरमध्ये कोणी नव्हतं.

खणणं थांबलं नाही. पंधरवड्याने दुसऱ्या मोजणीचा फलक लागला. बाईंनी पुन्हा सभा बोलावली आणि तासभर वाट बघितली. टेलर आला, शेवटच्या रांगेत बसला. बाकी खुर्च्या रिकाम्या राहिल्या. घरोघरी दिवे लागलेले होते, आणि प्रत्येक घरात कोणीतरी फोनवर हळू आवाजात विचारत होतं, या वेळी कोणता नंबर आहे.