वज्रकेतूची थप्पड

रायपूरच्या मराठी मंडळाच्या नाटकात नरहरला सम्राट वज्रकेतूचं काम मिळालं, तेव्हा तो निवृत्तीला टेकला होता. उभा जन्म सरकारी कचेरीत गेला; तो आला म्हणून कोणी खुर्चीतून उठलं नव्हतं. इथं मात्र तो येताच अख्खा दरबार उभा राहायचा.

नाटकातला वज्रकेतू पोरवयातच गादीवर बसतो. सेनापती त्याला घोड्यावर बसायला शिकवतो, त्याच्यासाठी लढाया जिंकतो, राज्य समुद्रापर्यंत नेतो. सम्राट तलाव खोदतो, रस्ते बांधतो, प्रजा त्याला देव मानू लागते. उतारवयात मात्र त्याच्या मनात किडा वळवळू लागतो, की हा जयजयकार आपला की सेनापतीचा? भर दरबारात तो सेनापतीच्या थोबाडीत मारतो. सेनापती निघून जातो, राज्य लयाला जातं, आणि शेवटी सम्राट अनवाणी त्याच्या दारी जाऊन क्षमा मागतो.

सेनापती झाला होता बंडू, नरहरचा शाळेपासूनचा मित्र. रायपूरच्याच भनपुरी भागात त्याचं ट्रकच्या पार्टचं दुकान. तालमीत थप्पड खोटीच असायची. नरहर हात फिरवायचा, बंडू मान वळवायचा, विंगेतून कोणीतरी टाळी वाजवायचं.

प्रयोगाला बंडू असा काही रंगला, की वाक्यावाक्याला दाद. नरहरचं मोठं स्वगत लोकांनी खोकत ऐकलं. मग दरबाराचा प्रवेश आला, आणि नरहरचा हात थांबला नाही. बंडूचा फेटा तिरपा झाला. सभागृह क्षणभर चिडीचूप, आणि मग टाळ्यांचा कडकडाट.

बंडूने फेटा सरळ केला आणि एक शब्द न चुकता नाटक शेवटाला नेलं. क्षमेच्या प्रवेशात नरहरला उठवून मिठीही मारली. बायका डोळे पुसत होत्या.

घरी आल्यावर बायकोने, मीराने, विचारलं, "खरी मारली ना तुम्ही?"

नरहरने ताट पुढे ओढलं.

"बंडूभाऊंची बायको शारदा माझ्या बाजूलेच बसली होती. माझा हात घट्ट धरून."

नरहर ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी तो भनपुरीला गेला. बंडूचा गाल सुजला होता.

"बंडू, अपराध माझा आहे, आणि दंडही..." नाटकातलंच वाक्य तोंडात आलं.

"ते नको," बंडू म्हणाला. "ते मले पाठ हाय."

नरहरने मान खाली घातली. "मले तुझा राग आला होता. लोक तुलेच पाहून राहिले होते."

"हव. समजलं होतं मले. हात सुटते एखाद्याचा. पण टाळ्या पडल्या अन् तू थांबला, नरहर. टाळ्या सरेपर्यंत थांबला. माह्याकडे पाह्यलंही नाही."

नरहरचे कान तापले. तो खरंच थांबला होता, हनुवटी वर करून. आणि त्याला ते गोड लागलं होतं.

बंडूने चहा मागवला. दोघांनी तो प्यायला.

पुढे नव्या रायपुरातून प्रयोगाचं बोलावणं आलं. बंडूने नाही म्हटलं. मंडळाचे सचिव धर्मपाल नरहरकडे आले. "दुसरा सेनापती पाहू," म्हणाले.

"सम्राटही दुसरा पाहा," नरहर म्हणाला, आणि त्याने थपडेचं खरं काय ते सांगून टाकलं.

धर्मपाल म्हणाले, "पण भाऊ, लोकायले तेच तर सगळ्यात आवडलं."

नरहरने त्यांना दारापर्यंत पोचवलं. प्रयोग झाला नाही. तो अडून बसला म्हणून प्रयोग बुडाला, असा लोकांनी नरहरलाच बोल लावला, आणि त्याने बंडूचं नाव न घेता तो लावून घेतला.