मेदानोची लाट

सान लुइसचे घर विकून डेल्फिना डेन्व्हरला मुलाकडे कायमची निघाली होती. गाडी तिचा धाकटा भाऊ एलिसेओ चालवत होता. तिने एकच अट घातली होती: डोंगराच्या पायथ्याशी, वाळूच्या टेकड्यांजवळ थांबायचे आणि मेदानो ओढ्याची एक लाट पायांवर घ्यायची.

बर्फ वितळू लागले की त्या ओढ्याच्या तळाशी वाळूचे बांध आपोआप साचतात आणि फुटतात. प्रत्येक फुटीबरोबर एक लाट येते. लग्नाआधी ओनोफ्रे तिला इथेच आणत असे. डोक्यावरची टोपी उंच हलवून तो म्हणे, "आता येईल बघ," आणि लाट खरोखरच यायची. पाणी ज्याचे ऐकते अशा माणसाशी तिने लग्न केले. त्याला जाऊन आता चार वर्षे झाली होती.

यंदा बर्फच कमी पडले होते. पाणी जेमतेम बोटे भिजवत होते. डेल्फिना बूट हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. लाटेचे चिन्ह दिसेना.

"ताई, एवढ्या पाण्यात चिमणीचीसुद्धा अंघोळ होणार नाही," असे म्हणून एलिसेओ पाय मोकळे करायला ओढ्याच्या वरच्या वळणाआड गेला. गावच्या पाटाचे पाणी वाटण्यात त्याचे आयुष्य गेले होते.

थोड्या वेळाने लाट आली. घोट्यापर्यंतच, पण आली. डेल्फिनाने डोळे मिटून घेतले.

एलिसेओ परतला तेव्हा त्याची विजार गुडघ्यापर्यंत ओली होती आणि नखांत वाळू होती. तिने ती खूण ओळखली. लग्नाआधी तिच्यावर लक्ष ठेवायला घरचे याच भावाला पाठवत, तेव्हाही तो रोज असाच परतायचा, आणि त्यासाठी आईचा मार खायचा.

"ओनोफ्रेने टोपी हलवली की तू बांध फोडायचास, असंच ना?" तिने विचारले. "काय द्यायचा रे तुला?"

"संत्र्याचा सोडा. पण बाटली बर्फातली हवी, ही माझी अट," एलिसेओ म्हणाला.

ती हसली. ओढ्यावर टेकड्यांची सावली उतरू लागली होती. तिने हातातले बूट वाळूवर ठेवले.

"वाटेत सोडा घेऊन देते," ती म्हणाली. "जा, अजून एक बांध घाल. या वेळी जरा मोठा."

तो निघाला. त्याच्याकडे पाठ करून, पूर्वीसारखीच, ती पाण्यात उभी राहिली.